फ्लिंटचे पाणी



अमेरिकेच्या आजच्या आर्थिक व राजकीय स्थितीवर आम्ही बोलावे, अशी ह्या व्याख्यानमालेच्या चालकांची इच्छा पडली. विषय एवढा अफाट आहे की एका संध्याकाळी त्याला हात घालणे म्हणजे समुद्र ओंजळीत धरणे होय. शिवाय आम्ही विद्यापीठाची पायरी चढलेलो नाही. जे काही वाचले ते पाळी सुटल्यावर, सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर आणि युनियनच्या कचेरीत. म्हणून शितावरून भाताची परीक्षा करावी असे आम्ही ठरविले आहे. हे शीत म्हणजे मिशिगन राज्यातील फ्लिंट नावाचे शहर. अमेरिकन कामगाराने आपला सर्वात मोठा विजय ह्याच शहरात मिळविला, आणि पुढे सत्त्याहत्तर वर्षांनी त्याच शहरातील मुलांना नळातून शिसे प्यावे लागले. हा विजय आणि ही दुर्दशा ह्यांच्यामध्ये काय काय घडले, ते क्रमाने सांगावे एवढाच आमचा उद्देश आहे.

फ्लिंट हे मूळचे घोडागाड्या बनविणारे गाव. १९०० साली तेथील वस्ती अवघी १३,००० च्या घरात होती. घोडागाड्यांच्या धंद्यात पैसा केलेल्या विल्यम ड्युरंट नावाच्या गृहस्थाने १९०८ साली तेथे जनरल मोटर्स कंपनी स्थापन केली आणि गावाचे रूप पालटले. १९३० पर्यंत वस्ती दीड लाखाच्या पुढे गेली. दक्षिणेकडील राज्यांतून गोरे आले, काळे आले, युरोपातून आलेले लोकही होते. कंपनीची महत्त्वाकांक्षा अमेरिकेपुरती राहिली नाही. १९२८ साली तिने आपल्या मुंबईत शिवडी येथे मोटारींच्या जुळणीचा कारखाना काढला. शेव्हरोलेट गाडी आपल्याकडच्या जुन्या मंडळींना ठाऊक झाली ती तेव्हापासून.

फ्लिंटमध्ये सगळे काही कंपनीचे होते. नगराचे अधिकारी तिच्या मर्जीतले आणि वर्तमानपत्र तिच्या बाजूचे. कारखान्यातील पट्टा ज्या वेगाने फिरे त्या वेगाने माणसाने हात चालवावयाचे. मुकादमाला वाटेल तेव्हा वेग वाढे. युनियनचे नाव काढणारा कोण, हे कळावे म्हणून कंपनीने खाजगी हेर ठेवले होते. अमेरिकन सेनेटच्या चौकशी समितीने पुढे उघडकीस आणले की १९३४ च्या आरंभापासून अडीच वर्षांत ह्या हेरगिरीवर कंपनीने सुमारे १० लाख डॉलर खर्च केले. १९३५ साली वॅग्नर कायदा होऊन कामगारांना संघटनेचा हक्क कागदावर मिळाला होता. परंतु कागदावरचा हक्क कारखान्याच्या दाराआत कसा न्यावयाचा, हा प्रश्न तसाच होता.

तो सोडविला गेला ३० डिसेंबर १९३६ रोजी. कंपनी साचे गाड्यांत भरून युनियनचा जोर नसलेल्या दुसऱ्या गावी हलवीत आहे, असे कळताच फिशर बॉडीच्या १ नंबरच्या कारखान्यातील कामगार आत घुसले आणि यंत्रांजवळ बसून राहिले. हाच तो प्रसिद्ध बैठा संप. ज्याने कधी संप चालविला आहे त्याला ह्यातील मर्म सांगावयास नको. दाराबाहेर उभा राहिलेला संपवाला पोलिसांना हटविता येतो, त्याच्या जागी बदली कामगार आणता येतो. पण जो यंत्राशेजारी बसला आहे, त्याला हलवावयाचे तर यंत्राचीही नासधूस पत्करावी लागते. ११ जानेवारी १९३७ रोजी कंपनीने कारखान्यातील उष्णता बंद केली. मिशिगनच्या जानेवारीतली थंडी ती! मग पोलिसांनी अश्रुधूर सोडला, गोळ्या झाडल्या. कामगारांनी पाण्याच्या पाइपांचा मारा करून आणि मोटारीच्या दाराच्या बिजागऱ्या फेकून त्यांना परत लावले. तेरा-चौदा माणसे गोळ्यांनी जखमी झाली. कामगारांच्या बायकांनी जेनोरा जॉन्सन ह्या तरुण स्त्रीच्या पुढारपणाखाली आपले स्वतंत्र दल उभारले. कारखान्यात जेवण पोहोचविण्यापासून पोलिसांच्या आडवे जाण्यापर्यंतची कामे त्या करीत.

न्यायालयाचा अनुभवही ऐकण्याजोगा आहे. ज्या न्यायाधीशाने कारखाने रिकामे करण्याचा पहिला हुकूम दिला, त्याच्याजवळ जनरल मोटर्सचे २ लाख डॉलरहून अधिक किमतीचे शेअर असल्याचे युनियनने दाखवून दिले आणि त्या हुकमाची पत गेली. १ फेब्रुवारीला कामगारांनी एक डाव टाकला. शेव्हरोलेटच्या ९ नंबरच्या कारखान्यात मोठी गडबड उडवून दिली. कंपनीचे रखवालदार तिकडे धावले. आणि इंजिने बनविणारा ४ नंबरचा कारखाना कामगारांनी ताब्यात घेतला. गव्हर्नर फ्रँक मर्फी ह्यांनी राज्याचे सैनिक शहरात आणले होते, परंतु त्यांना कामगारांवर सोडण्यास त्यांनी नकार दिला. ११ फेब्रुवारीस, म्हणजे ४४ व्या दिवशी, जगातील सर्वात बलाढ्य कंपनीने युनियनशी करार केला. वर्षभरात युनायटेड ऑटो वर्कर्स ह्या युनियनची सभासदसंख्या सुमारे ३०,००० वरून ५ लाखांवर गेली.

ह्या प्रसंगातील एक गोष्ट श्रोत्यांनी ध्यानात ठेवावी. गव्हर्नर मर्फी हे लोकांच्या मतांवर निवडून आलेले होते. कामगारांची एकजूट आणि लोकांना उत्तर देण्यास बांधलेला राज्यकर्ता, ह्या दोहोंच्या मेळातून तो विजय मिळाला. दोहोंपैकी एक नसता तर काय झाले असते, हे पुढे दिसावयाचे आहे.

महायुद्धानंतर युनियनचे पुढारी वॉल्टर रॉयथर ह्यांनी एक धाडसी मागणी केली. कंपनीने मोटारींची किंमत न वाढविता मजुरी ३० टक्के वाढवावी, आणि परवडत नसेल तर आपले हिशेब लोकांपुढे उघडावे! १९४५-४६ मध्ये ११३ दिवस संप चालला. मजुरी काहीशी वाढली, पण हिशेबाच्या वह्या उघडल्या नाहीत. त्यानंतर १९५० साली पाच वर्षांचा जो करार झाला, त्याला 'डेट्रॉइटचा तह' असे नाव पडले. कामगाराला महागाईच्या प्रमाणात पगार, निवृत्तिवेतन आणि आजारपणाच्या विम्यात कंपनीचा हिस्सा मिळाला. कारखाना कोठे काढावा, कोठला बंद करावा आणि भांडवल कोठे न्यावे, हा अधिकार कंपनीकडे राहिला.

आम्ही ह्या कराराला नावे ठेवीत नाही. गेटवर उभे राहून ज्याने पाच पैशांच्या वाढीसाठी घसा फोडला आहे, तो असा करार पाहून टोपी काढील. फ्लिंटच्या कामगाराने स्वतःचे घर बांधले, दाराशी स्वतः जोडलेली मोटार उभी केली, मुलांना कॉलेजात घातले. परंतु औषधपाणी आणि म्हातारपण ह्यांची तजवीज तेथील कामगाराने देशाकडून मिळविण्याऐवजी कंपनीकडून मिळविली. प्रेसिडेंट ट्रुमन ह्यांनी सर्वांसाठी राष्ट्रीय आरोग्य विम्याची योजना मांडली होती आणि रॉयथर तिचे पुरस्कर्ते होते. पण ती काँग्रेसमध्ये बारगळली. त्यामुळे ज्याच्या हाती कंपनीचा बिल्ला त्याला सर्व काही, आणि ज्याच्या हाती नाही त्याला फार थोडे, अशी वाटणी झाली. कंपनी आहे तोवर ही उणीव डोळ्यांत भरली नाही.

दुसरी उणीव वर्णाची. कृष्णवर्णीय कामगारांना बव्हंशी ब्यूक कारखान्याच्या ओतशाळेत, म्हणजे धुरात आणि भट्टीच्या आचेत काम मिळे. राहावयास शहराचे दोनच भाग त्यांना मोकळे होते. इतर वस्त्यांत त्यांना घर विकावयाचे नाही, असे करारातच लिहिलेले असे. घर कोणालाही विकत घेता यावे ह्यासाठीचा नगराचा नियम १९६८ साली जनतेच्या मतास टाकला गेला आणि अवघ्या ३० मतांनी मंजूर झाला. तोपर्यंत गोऱ्यांनी भोवतालच्या उपनगरांची वाट धरली होती. कंपनीचे नवे कारखानेही शहराच्या हद्दीबाहेर जाऊ लागले. हद्दीबाहेर गेलेल्या कारखान्याचा कर शहराला मिळत नाही, आणि रस्ते, गटारे व नळ मात्र तेवढेच सांभाळावे लागतात. फ्लिंटच्या तिजोरीला पडलेले पहिले भोक ते हे.

१९६० साली फ्लिंटची वस्ती १,९६,९४० होती. १९७८ साली त्या भागात जनरल मोटर्सचे सुमारे ८०,००० नोकर होते. नंतर ओहोटी लागली. तेल महागले, जपानी मोटारी आल्या, कंपनीने काम दक्षिणेकडील राज्यांत व मेक्सिकोत नेले, यंत्रांनी माणसांची जागा घेतली. १९९९ साली 'ब्यूक सिटी' हा अवाढव्य कारखाना बंद पडला. २०१० पर्यंत ८०,००० तील ८,००० नोकऱ्याही उरल्या नव्हत्या, आणि २०२० च्या जनगणनेत वस्ती ८१,२५२ भरली. निम्म्याहून अधिक कृष्णवर्णीय आणि सुमारे ४० टक्के गरिबीत, असे ते शहर झाले. कंपनीचे हे येणेजाणे आपल्यालाही अपरिचित नाही. शिवडीचा कारखाना १९५४ साली बंद झाला. २००८ साली ती तळेगावला आली. डिसेंबर २०२० मध्ये तेथील उत्पादन थांबले, कामगारांचा वाद न्यायालयांपर्यंत गेला, आणि कारखाना पुढे ह्युंदाईच्या ताब्यात गेला. भांडवलाला गाव नसते. ज्याचे घर, म्हातारी आई आणि मुलांची शाळा त्या गावात आहे, त्याला मात्र असते.

२००९ साली जनरल मोटर्सचे दिवाळे वाजले. तेव्हा अमेरिकन सरकारने तिला तारण्यासाठी सुमारे ५० अब्ज डॉलर ओतले. लाखो नोकऱ्यांचा प्रश्न होता, ती मदत योग्यच होती असे आमचे मत आहे. पण दोन वर्षांनी फ्लिंट शहराचे दिवाळे निघण्याची वेळ आली, तेव्हा शहराला काय मिळाले? मिळाला एक 'आणीबाणी व्यवस्थापक'.

हा प्रकार नीट समजून घेतला पाहिजे, कारण पुढील सर्व अनर्थाचे मूळ येथे आहे. मिशिगन राज्याने २०११ साली असा कायदा केला की ज्या शहराचा हिशेब जमत नाही, तेथे गव्हर्नराने आपला माणूस नेमावा आणि निवडून आलेल्या नगराध्यक्षाचे व नगरसभेचे अधिकार त्याच्या हाती द्यावेत. करार मोडणे, मालमत्ता विकणे, खर्च कापणे, सगळे त्याच्या सहीने. डिसेंबर २०११ पासून एप्रिल २०१५ पर्यंत फ्लिंटवर अशा चार गृहस्थांनी पाळीपाळीने राज्य केले. नोव्हेंबर २०१२ मध्ये मिशिगनच्या मतदारांनी सार्वमत घेऊन हा कायदा बहुमताने रद्द केला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात विधिमंडळाने जवळजवळ तसाच कायदा पुन्हा संमत केला आणि त्याला पैशाच्या तरतुदीचे एक कलम जोडले. कारण त्या राज्याच्या घटनेप्रमाणे अशा तरतुदीच्या कायद्यावर सार्वमत मागता येत नाही. त्याच महिन्यात, त्याच युक्तीने, युनियनची वर्गणी न भरता तिच्या कराराचा लाभ घेण्याची मुभा देणारा कायदाही झाला. ज्या राज्यात १९३७ चा विजय मिळाला त्याच राज्यात एका महिन्यात युनियनचा पाया आणि नगराचे मत, दोन्हींवर घाव पडला. २०१३ साली डेट्रॉइटवरही व्यवस्थापक बसला, तेव्हा मिशिगनमधील कृष्णवर्णीयांपैकी जवळजवळ निम्मे लोक असे होते की ज्यांच्या गावात त्यांनी निवडलेल्या माणसाला काही अधिकारच उरला नव्हता.

आता पाण्याकडे येऊ. १९६७ पासून फ्लिंट शहर डेट्रॉइटकडून ह्यूरन सरोवराचे शुद्ध केलेले पाणी विकत घेत असे. ते महाग पडू लागले, म्हणून त्याच सरोवरातून नवा नळ आणणाऱ्या योजनेत सामील होण्याचे ठरले. ह्याला नगरसभेनेही संमती दिली होती, हे सांगितले पाहिजे. परंतु नवा नळ होईपर्यंत मधल्या काळात गावातल्या फ्लिंट नदीचे पाणी प्यावे, ह्यावर नगरसभेचे मत कोणी घेतले नाही. तो निर्णय व्यवस्थापकाच्या काटकसरीचा होता. २५ एप्रिल २०१४ रोजी अधिकाऱ्यांनी पेले उंचावून नदीचे पाणी सुरू केले.

नदीच्या पाण्यात क्लोराइडचे प्रमाण सरोवराच्या पाण्याहून कितीतरी अधिक होते. हिमाच्छादित रस्त्यांवर टाकलेले मीठ वाहून नदीत येते, आणि गाळ बसविण्यासाठी जे रसायन घातले गेले त्यातही क्लोराइड होते. असे पाणी धातू खाते. फ्लिंटच्या जुन्या घरांना जोडलेले हजारो नळ शिशाचे होते, कारण १८९७ सालच्या नगराच्या नियमानेच शिशाचे नळ सक्तीचे केले होते. डेट्रॉइटच्या पाण्यात फॉस्फेट मिसळलेले असे. त्याचा पापुद्रा नळाच्या आतून बसतो आणि शिसे पाण्यात उतरत नाही. फ्लिंटने ते फॉस्फेट घातले नाही. आधी वर्षभर पाणी तपासून मग पाहू, असा राज्याच्या पर्यावरण खात्याचा सल्ला होता. तज्ज्ञांच्या अंदाजाप्रमाणे ह्या औषधाचा खर्च दिवसाला सुमारे १०० डॉलर होता. पापुद्रा सुटला. शिसे पाण्यात आले. लोखंडी नळांच्या गंजाने जंतुनाशक क्लोरीन खाऊन टाकले, म्हणून जंतू वाढले. जंतू मारण्यास क्लोरीन वाढविले तेव्हा त्यापासून दुसरी अपायकारक द्रव्ये तयार झाली. लोकांच्या अंगावर पुरळ उठू लागले, नळाला तांबडे पाणी येऊ लागले. बाटल्या भरून लोक नगरसभेत नेऊ लागले. पाणी सुरक्षित आहे, असे त्यांना सांगण्यात येत होते.

ऑक्टोबर २०१४ मध्ये, म्हणजे सहा महिन्यांच्या आत, जनरल मोटर्सच्या फ्लिंट येथील इंजिन कारखान्यात आढळले की ह्या पाण्याने इंजिनाचे भाग गंजतात. कंपनीने तक्रार केली आणि तिला शेजारच्या उपनगरातून पुन्हा सरोवराचे पाणी घेण्याची मुभा मिळाली. त्यामुळे शहराचे वर्षाचे सुमारे ४ लाख डॉलरचे उत्पन्न गेले, तरी कोणी आडकाठी केली नाही. लोखंडाला जे पाणी बाधते, ते माणसाच्या पोटात गेले तर काय होईल, हा प्रश्न त्या दिवशी कोणत्याही जबाबदार अधिकाऱ्याने विचारावयास हवा होता. मार्च २०१५ मध्ये निवडून आलेल्या नगरसभेने ७ विरुद्ध १ मतांनी ठराव केला की काय वाटेल ते करून डेट्रॉइटच्या पाण्याकडे परत जावे. व्यवस्थापकाने तो ठराव बाजूस सारला. पुढच्या महिन्यात राज्याने शहराला जे कर्ज दिले, त्यात राज्याच्या परवानगीवाचून डेट्रॉइटकडे परत जावयाचे नाही अशी अट होती. इंजिनाला चांगले पाणी मिळाल्यानंतर माणसांना ते मिळावयास आणखी एक वर्ष लागले.

ह्या वर्षाचा हिशेब कोणी मांडला? सरकारी खात्याने नव्हे. लीॲन वॉल्टर्स नावाच्या, चार मुलांच्या आईने आपल्या घरचे पाणी तपासून घेतले. शिशाची मर्यादा एक अब्ज भागांत १५ भाग असताना तिच्या नळात ३९७ भाग निघाले. केंद्राच्या पर्यावरण खात्यातील मिगेल डेल टोरल ह्या अधिकाऱ्याने जून २०१५ मध्ये वरिष्ठांना टिपण लिहून इशारा दिला. व्हर्जिनिया टेक विद्यापीठाचे मार्क एडवर्ड्स ह्यांनी बाटल्या पाठविल्या आणि गावच्या लोकांनी घरोघर हिंडून अडीचशेहून अधिक नमुने गोळा केले. त्यानंतर डॉ. मोना हॅना-अटिशा ह्या बालरोगतज्ज्ञ बाईंनी इस्पितळातील मुलांच्या रक्ततपासणीचे आकडे लावले. पाच वर्षांखालील ज्या मुलांच्या रक्तात शिसे अधिक होते, त्यांचे प्रमाण २.४ टक्क्यांवरून ४.९ टक्के झाले होते. २४ सप्टेंबर २०१५ रोजी त्यांनी हे जाहीर केले तेव्हा राज्याच्या अधिकाऱ्यांनी प्रथम त्यांनाच खोटे पाडण्याचा प्रयत्न केला. पण आकडे खरे होते. १६ ऑक्टोबर २०१५ रोजी शहर पुन्हा डेट्रॉइटच्या पाण्यावर आले. दरम्यान लिजनेअर्स नावाच्या न्यूमोनियाची साथ येऊन सुमारे ९० माणसे आजारी पडली होती आणि १२ दगावली होती.

शिसे मुलाच्या मेंदूच्या वाढीला बाधते, आणि गेलेले परत येत नाही. हे ज्ञान नवे नव्हते. मोटारीच्या धंद्याचा आणि शिशाचा संबंध जुना आहे. १९२१ साली जनरल मोटर्सच्याच प्रयोगशाळेत शोध लागला की पेट्रोलमध्ये शिशाचे द्रव्य घातल्यास इंजिन खडखडत नाही. १९२४ साली ते द्रव्य बनविणाऱ्या न्यू जर्सीच्या एका कारखान्यात पाच कामगार वेड लागल्यासारखे होऊन मेले. तरी ते पेट्रोल अमेरिकेच्या रस्त्यांवर १९९५ च्या अखेरपर्यंत आणि आपल्याकडे २००० सालापर्यंत चालत राहिले. विषाची पहिली खबर कामगाराच्या शरीराला लागते, आणि गावाला ती उशिरा कळते, हे कारखान्यांच्या इतिहासात वारंवार दिसते.

आता न्यायाचे काय झाले? गव्हर्नराने स्वतः नेमलेल्या चौकशी मंडळाने मार्च २०१६ मध्ये मुख्य दोष राज्याच्या पर्यावरण खात्यावर ठेवला आणि व्यवस्थापकांनाही जबाबदार धरले. २०२१ साली माजी गव्हर्नर रिक स्नायडर ह्यांच्यासह अनेकांवर खटले भरले गेले. २०२२ साली मिशिगनच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की आरोप ठेवण्याची पद्धतच बेकायदेशीर होती, आणि २०२३ मध्ये ते सारे प्रकरण मिटले. एकही मोठा अधिकारी तुरुंगात गेला नाही. नुकसानभरपाईचा ६२ कोटी ६० लाख डॉलरचा समझोता २०२१ साली न्यायालयाने मंजूर केला. त्यातील बहुतेक रक्कम मुलांसाठी होती. शिशाचे नळ बदलण्याचा हुकूम २०१७ साली झाला. सुमारे ११,००० नळ बदलून ते काम संपल्याचे २०२५ च्या जुलैत न्यायालयाला कळविण्यात आले. दिवसाला १०० डॉलर वाचविण्याची ही किंमत.

एक गोष्ट आम्हाला आवर्जून सांगावीशी वाटते. ३० जानेवारी २०१६ रोजी देशाच्या निरनिराळ्या भागांतून सुमारे ३०० नळकारागीर आपल्या युनियनमार्फत फ्लिंटला आले आणि एक पैसा न घेता त्यांनी घरोघर पाणी गाळण्याची यंत्रे व नव्या तोट्या बसविल्या. ज्यांच्या हाती कसब होते त्यांनी ते दिले. वर्गणीची पावती फाडणे एवढेच युनियनचे काम नाही, हे आम्ही आमच्या सभासदांना सांगतो तेव्हा हा दाखला देतो.

आमच्या विवेचनावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की ही इंजिनियरांची चूक होती, तिला राजकारणाचा रंग देऊ नये. चूक इंजिनियरांची होती, हे मान्य. पण चुका कोठे होत नाहीत? प्रश्न असा आहे की चूक दुरुस्त व्हावयास किती दिवस लागतात, आणि कोणाच्या तक्रारीने ती दुरुस्त होते. कंपनी म्हणाली आणि काम झाले, कारण ती उद्या गाव सोडून जाऊ शकत होती. नागरिक अठरा महिने ओरडत राहिले, कारण त्यांच्या मताने ज्याची खुर्ची जाईल असा एकही माणूस त्या खुर्चीवर नव्हता. दुसरा आक्षेप असा की नगरसभेनेच शहर बुडविले, मग कोणी तरी खंबीर माणूस नको का? नगरसभेचे दोष आम्ही झाकत नाही. पण कारखाने गेले, कर गेला, राज्याने आपल्या उत्पन्नातून गावांना द्यावयाचा वाटा कापला. ह्या तिन्हींपैकी एकही गोष्ट नगरसभेच्या हातची नव्हती. रोग्याला अन्न तोडावयाचे आणि मग अशक्त झाला म्हणून त्याचे घर दुसऱ्याच्या नावे करावयाचे, ह्याला उपचार म्हणता येणार नाही.

फ्लिंट ही एकच घटना असती तर आम्ही आपला वेळ घेतला नसता. २०२२ साली मिसिसिपी राज्याची राजधानी जॅक्सन हिचे पाणी बंद पडले. तेही असेच कृष्णवर्णीय बहुसंख्येचे, उत्पन्न आटलेले शहर. २०२४ साली केंद्र सरकारने देशभरातील शिशाचे नळ दहा वर्षांत बदलण्याचा नियम केला, तेव्हा अशा नळांची संख्या सुमारे ९० लाख असल्याचा अंदाज होता. हे काम अशक्य नाही. न्यूअर्क शहराने सुमारे २३,००० नळ तीन वर्षांच्या आत बदलले. जेथे नगराने स्वतः मनावर घेतले तेथे झाले. युनियनची स्थितीही पाहा. १९५० च्या सुमारास अमेरिकेतील तीन कामगारांमागे एक सभासद होता. २०२४ साली प्रमाण ९.९ टक्के होते. तथापि २०२३ साली त्याच युनायटेड ऑटो वर्कर्सने तिन्ही मोठ्या मोटार कंपन्यांविरुद्ध एकाच वेळी संप केला, मजुरीत २५ टक्के वाढ आणि गेलेला महागाई भत्ता परत मिळविला. त्याच वर्षी मिशिगनच्या विधिमंडळाने २०१२ चा युनियनविरोधी कायदा रद्द केला. आणीबाणी व्यवस्थापकाचा कायदा मात्र त्या वेळी तसाच राहिला.

शेवटी आपल्याकडे पाहू. आपल्या देशाची परिस्थिती निराळी, कायदे निराळे. परंतु प्रशासक हा शब्द महाराष्ट्रातील नागरिकाला शिकवावा लागत नाही. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ तेथे निवडून आलेला एकही नगरसेवक नव्हता. राज्यातील कितीतरी नगरांची हीच कथा. कारणे वेगळी होती आणि सगळेच प्रशासक वाईट होते असेही आम्ही म्हणत नाही. पण त्या काळात पाण्याची तक्रार घेऊन कोणाच्या दारी जावे, हा प्रश्न ज्यांना पडला ते ह्या सभेत बसलेले असतील. त्यांना फ्लिंटची गोष्ट परकी वाटणार नाही.

कामगाराला आम्ही नेहमी सांगतो की गेटच्या आतला हक्क गेटच्या बाहेर सांभाळावा लागतो. फ्लिंटच्या कामगाराने पगार जिंकला, निवृत्तिवेतन जिंकले. परंतु नळ, शाळा आणि नगरसभा ह्या गोष्टी आपोआप चालतील असे सर्वांनीच धरले. त्या आपोआप चालत नाहीत. आपल्या गावच्या पाण्याचा तपासणी अहवाल मागण्याचा अधिकार आपल्याला आहे. तो मागावा, वाचावा, न समजल्यास समजून घ्यावा, आणि पुढच्या सभेत नगरसेवकाला उभे करून त्यावर प्रश्न विचारावा.